शल्य, माइक आणि रात्रीची लाईन



आठवडाभर इथं काही लिहिलं नाही. दोघातिघांनी मेसेज करून विचारलं, दादा बरे आहात ना? बरा आहे. संक्रांतीला गावी गेलो होतो. वाचन रोज चालू होतं, पण कर्णपर्वात अडकलो. कठीण होतं म्हणून नाही, मी तर मराठी भाषांतरच वाचतो. एका पानावर मला माझाच आवाज ऐकू आला, म्हणून अडकलो. त्यावर लिहू की नको यात दिवस गेले.

आधी घडलेलं सांगतो, मग पोथी.

आमचं चौघांचं स्क्वॉड आहे. मी पुण्यात, दोन शाळेतले मित्र वाशीममध्ये, आणि चौथा माझा मामेभाऊ. मामाचं गाव मालेगाव तालुक्यात, शिरपूरच्या अलीकडे. पोरगा एकोणीस वर्षांचा, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, उरलेला वेळ शेतात. लॉकडाऊनमध्ये आम्ही एकत्र खेळायला लागलो. २ सप्टेंबर २०२० ला पबजी बंद झाली तेव्हा हा पोरगा दोन दिवस नीट जेवला नव्हता, असं मामी अजून हसत सांगते. मग २ जुलै २०२१ ला बीजीएमआय आली आणि पुन्हा सुरू. मधे २०२२ च्या जुलैत तीही स्टोअरवरून गेली, पुढच्या वर्षी परत आली. या सगळ्या येण्याजाण्यात आमचं चौघांचं रात्री साडेनऊला जमणं टिकलं. मला पुण्यात मित्र आहेत, ऑफिसची माणसं आहेत, पण दिवसभरात वऱ्हाडी कानावर पडायची ती त्याच वेळी. एरवी मी दिवसभर "मला" म्हणतो. साडेनऊनंतर "मले" म्हणतो.

जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. शंभर माणसं एका बेटावर उतरतात. आमच्या आवडीचा एरँगल नावाचा नकाशा आठ बाय आठ किलोमीटरचा आहे. सुरक्षित जागेचं वर्तुळ लहान लहान होत जातं आणि शेवटी उरेल ती टीम जिंकते. स्क्वॉडमध्ये गोळी लागली की माणूस लगेच मरत नाही, गुडघ्यावर येतो. त्या वेळात सोबत्याने जवळ जाऊन दहा सेकंद थांबलं तर तो उठतो. ही दहा सेकंदं म्हणजे या खेळातली सगळ्यात मोठी परीक्षा. स्वतः उघड्यावर बसून दुसऱ्याला उठवायचं. आणि हरलो की पॉइंट कापले जातात, रँक खाली येतो. डिसेंबरमध्ये आम्ही क्राऊनवरून एसला चढायच्या बेतात होतो. महिनाभराची मेहनत होती.

त्या रात्री शेवटचं वर्तुळ. समोर एकच टीम, आम्ही चौघंही जिवंत. एवढं चांगलं क्वचित जमतं. मी ओरडून जागा सांगत होतो. मामेभावाला डावीकडचा दगड धरायला सांगितलं होतं. तो धरून होता. आणि मग त्याच्या माइकवर लांबून कोणाची तरी हाक आली, आणि तो म्हणाला, "दादा, लाईन आली. बाबा हाका मारून रायले. जातो मी." एवढंच. त्याचं पात्र दगडामागं पुतळ्यासारखं उभं राहिलं. डावीकडून ते आले, त्याला पाडलं, मला पाडलं, पुढच्या पंधरा सेकंदांत खेळ संपला.

तो गेला आहे हे मला माहीत होतं. पण फोन त्याने माळवदावरच, नेटवर्क येतं त्या कोपऱ्यात, ठेवला असणार आणि माइक चालू राहिला असणार, हेही मला कळत होतं. तरी मी बोललो. काय बोललो ते सगळं इथं लिहीत नाही, ही जागा तशी नाही. त्यातलं सगळ्यात सभ्य वाक्य एवढंच की, तुझी लायकी मोटार चालू-बंद करायचीच आहे, तेच कर. आणि मी हे शुद्ध पुणेरी मराठीत बोललो, आपल्या भाषेत नाही. ते मला नंतर जास्त लागलं.

वाशीमच्या दोघांपैकी एक हसला. दुसरा काहीच बोलला नाही.

शहरातल्या वाचकांना "लाईन आली" म्हणजे काय ते सांगायला हवं. शेतीची थ्री फेज वीज चोवीस तास नसते. पाळ्या असतात, कधी दिवसा, कधी रात्री. हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस आणि रात्रीची पाळी, असं जुळलं की लाईन येईल तेव्हा उठून शेतात जायचं. विहिरीवर स्टार्टर दाबायचा, स्प्रिंकलरचे पाईप उचलून पुढच्या पट्ट्यात न्यायचे, पुन्हा जोडायचे. डिसेंबरच्या थंडीत अंगावर पाणी उडतं. पायाखाली काय आहे ते बॅटरीच्या उजेडात जेवढं दिसेल तेवढं. रोही पिकात शिरतात, रानडुकरं असतात. मामाच्या गुडघ्याचं दुखणं वाढल्यापासून पाईप पोरगाच उचलतो. हे सगळं मला माहीत होतं. मी रिसोडचा आहे, चंद्रावरून आलेलो नाही. माहीत असून ते आठवलं नाही, आणि आठवायला पाहिजे होतं ते नेमकं त्या पंधरा सेकंदांतच.

दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. ग्रुपवर काही लिहिलं तर निळ्या खुणा दिसायच्या, उत्तर नाही. आम्ही चौथा म्हणून कोणी अनोळखी घेऊन खेळायला लागलो.

आता कर्णपर्व.

शल्य हा मद्र देशाचा राजा, माद्रीचा भाऊ, म्हणजे नकुल-सहदेवांचा सख्खा मामा. निघाला होता पांडवांच्या बाजूने लढायला. वाटेत दुर्योधनाने त्याची इतकी बडदास्त ठेवली की खूश होऊन शब्द देऊन बसला आणि कौरवांकडे गेला. मग युधिष्ठिराला भेटला तेव्हा त्यालाही एक शब्द दिला: कर्णाचं सारथ्य माझ्याकडे आलं तर मी त्याचं तेज कमी करीन. म्हणजे एका टीममध्ये नाव, दुसऱ्या टीमला वचन. सतराव्या दिवशी तसंच झालं. कर्ण सेनापती होता आणि त्याने मागितलं की अर्जुनाला जसा कृष्ण, तसा मला शल्य द्या. शल्य आधी रागावला, मी राजा आणि या सूतपुत्राचा घोडेवाला होऊ? मग कबूल झाला, पण एका अटीवर. मी रथावर बसून वाटेल ते बोलेन, कोणी मला अडवायचं नाही.

या अटीपाशी मी पहिल्यांदा थांबलो. माइक चालू ठेवायची अट! युद्धात उतरताना माणूस शस्त्राची अट घालेल, मानाची घालेल. याने बोलायच्या मोकळीकीची घातली. आणि दुर्योधनाने मान्य केली, कारण शल्य घोडे उत्तम हाकायचा. आपणही करतो हे. "तोंडाने घाण आहे, पण गेम भारी आहे त्याचा," म्हणून असल्याला टीममध्ये ठेवतो. मी स्वतः तसाच ठेवून घेतलेला गडी आहे, हे कळायला मला वेळ लागला.

पुढे रथ निघतो आणि शल्य सुरू होतो. अर्जुन कुठे, तू कुठे. मग एका कावळ्याची गोष्ट सांगतो. श्रीमंताघरच्या पोरांच्या उष्ट्यावर पोसलेला कावळा हंसांशी उडायची पैज लावतो, आपल्याला एकशेएक प्रकारची उड्डाणं येतात म्हणतो, आणि समुद्रावर थकून पाण्यात पडायला लागतो तेव्हा हंसच त्याला उचलून आणतो. गोष्ट अप्रतिम आहे. ऐकवायची जागा मात्र भयंकर आहे, शत्रू समोर असताना, आपल्याच रथातल्या योद्ध्याला, "उष्ट्यावर वाढलेला" हा शब्द नेमका त्याच्या जखमेवर ठेवून.

आणि कर्ण? त्याने शांत राहून उत्तर दिलं असतं तर आपल्याला सोपं झालं असतं. तो शल्याच्या सगळ्या प्रदेशावर घसरतो. मद्र देशाची माणसं कशी, बायका कशा, खातात काय, पितात काय. वाचवत नाही. महाभारतात हे आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. अनोळखी लोकांबरोबर खेळलेल्या कोणालाही मात्र हा पॅटर्न लगेच ओळखू येईल. दुसऱ्या मिनिटाला चूक कोणाची हा विषय संपतो आणि तू कुठला, तुमच्याकडचे लोक असेच, हे सुरू होतं. आम्हाला "विदर्भाचा आहे, झोपलेला असेल" हे कितीदा तरी ऐकावं लागलं आहे. आम्हीही उलट बोललोच आहोत. भांडण चुकीवरून माणसावर आणि माणसावरून मुलखावर जातं, आणि हे काही मोबाइलनंतर सुरू झालेलं नाही.

पण मला खरं अडकवलं ते पुढच्या प्रसंगाने. अर्जुनाशी युद्ध ऐन रंगात आहे. कर्णाने राखून ठेवलेला सर्पबाण काढला आणि नेम धरला. शल्य म्हणाला, हा नेम गळ्याला लागणार नाही, नीट बघून पुन्हा जोड. मंडळी, हा सल्ला बरोबर होता! शल्याने कामाची गोष्ट सांगितली होती. कर्णाने ऐकलं नाही. रागाने डोळे लाल झालेल्या कर्णाने सांगितलं की कर्ण दुसऱ्यांदा नेम धरत नाही. बाण सुटला. तिकडे कृष्णाने पायाने रथ जमिनीत दाबला, घोडे गुडघ्यावर आले, आणि बाणाने अर्जुनाचा मुकुट तेवढा नेला.

या जागेचं स्पष्टीकरण लोक कर्णाच्या अहंकाराने देतात. ते आहेच. पण मला वाटतं अर्धी चूक शल्याची आहे, आणि ती त्या क्षणातली नाही, सकाळची आहे. जो माणूस सकाळपासून तुम्हाला उष्टा कावळा म्हणतोय, त्याने दुपारी "नेम चुकला" म्हटलं तर तुम्हाला काय ऐकू येईल? आणखी एक टोमणा. खरी सूचना आणि अपमान एकाच आवाजात आले की कान दोन्हीला बंद होतात. मी मागे जाऊन आठवलं. गेल्या सहा महिन्यांत मी मामेभावाला कितीदा तरी बरोबर जागा सांगितली आणि तो तिथे गेला नाही. मी समजायचो, याला कळत नाही. आता वाटतं, त्याला ऐकूच येत नसेल. माझा आवाज आला की तो आतून दार लावून घेत असेल.

आणि कृष्ण काय करतो बघा. स्कोअरबोर्ड असता तर कृष्णाच्या नावापुढे शून्य किल. शस्त्र हातात घ्यायचं नाही असं ठरवून आलेला. रथ दाबला, घोड्यांना पाणी पाजलं, कधी पुढे नेला, कधी मागे. आमच्या चौकडीत हे काम मामेभाऊच करायचा. गोळ्या वाटणं, बँडेज टाकणं, गाडी आणणं. गुडघ्यावर आलेल्याला उठवायला उघड्यावर पळणारा तोच. त्याचे किल कमी असायचे म्हणून मी त्याला बॉट म्हणायचो. भीष्मानेही युद्धाआधी दुर्योधनासमोर रथी-अतिरथींची यादी वाचली होती आणि कर्णाला अर्धरथी म्हटलं होतं. परिणाम, कौरवांचा एवढा मोठा योद्धा दहा दिवस लढायलाच उतरला नाही. अकरा अक्षौहिणी विरुद्ध सात, आणि अकरावाल्यांची ही तऱ्हा. असो.

तुम्ही म्हणाल, पांडव शहाणे, कौरव भांडखोर, झालं तात्पर्य. तसं नाही. त्याच सतराव्या दिवशी, त्याच कर्णपर्वात, पांडवांच्या छावणीत याहून वाईट भांडण झालं.

युधिष्ठिराला कर्णाने जबर जखमी केलं, तो छावणीत परतला. अर्जुनाला कळलं तसा तो भीमावर आघाडी सोपवून भावाला बघायला आला. युधिष्ठिराला वाटलं, कर्णाला मारूनच आला. तसं नाही कळल्यावर तो इतका चिडला की म्हणाला, भीमाला एकटं टाकून कर्णाच्या भीतीने पळून आलास. तुझं ते गांडीव दुसऱ्या कोणाला तरी दे. आणि अर्जुनाची प्रतिज्ञा होती की गांडीव दुसऱ्याला दे असं जो म्हणेल त्याला मारीन. त्याने तलवार उपसली. मोठ्या भावावर.

इथं मी पुस्तक मिटलं. मामेभावाने दगड सोडला तो भीतीने नाही, आळसानेही नाही. कोणीतरी हाक मारली म्हणून सोडला. अर्जुनानेही तेच केलं होतं. आणि धर्मराज म्हणवणाऱ्या माणसाला ते दिसलं नाही, कारण तो दुखावलेला होता आणि त्याला निकाल हवा होता. हे वाचून मला दिलासा मिळाला का? थोडा. पण तो दिलासा फार वेळ टिकला नाही, कारण युधिष्ठिराच्या अंगात खरे बाण रुतले होते. माझे पॉइंट गेले होते.

कृष्णाने तिथं जे केलं ते विलक्षण आहे. अर्जुन म्हणतो, मी शब्द दिला आहे, शब्द पाळणं म्हणजे सत्य. त्यावर कृष्ण त्याला कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट सांगतो. नेहमी खरं बोलायचं हे त्याचं व्रत. लुटारूंच्या भीतीने काही माणसं जवळच्या झाडीत लपली. लुटारूंनी विचारलं, याने खरं सांगितलं. माणसं मारली गेली. आणि कौशिक नरकात गेला.

माझा बचाव हाच होता ना. "मी काय खोटं बोललो? त्याच्यामुळे हरलो हे खरंच आहे." वाशीमच्या मित्राने दुसऱ्या दिवशी फोनवर "जास्त झालं रे" म्हटलं तेव्हा मी नेमकं हेच उत्तर दिलं होतं. खरं होतंच ते. तो थांबला असता तर बहुतेक जिंकलो असतो. पण खरेपणाच्या आड उभं राहून माणूस काहीही फेकू शकतो, आणि पोथी त्याला सूट देत नाही.

मग कृष्ण तोड काढतो. मारायचंच आहे ना? मग त्यांना "तू" म्हण. ज्याचा मान राखायचा त्याला तू-तुकार करणं हेच त्याला मारणं. अर्जुन तसं करतो, भरपूर बोलून घेतो, आणि बोलून झाल्यावर त्याला स्वतःचीच इतकी शरम वाटते की तीच तलवार स्वतःवर धरतो. कृष्ण पुन्हा थांबवतो, म्हणतो, मग स्वतःची स्तुती कर, आत्महत्या झालीच समज. वाचताना हसू येतं. पण विचार करा, अपमान म्हणजे हत्या हे इथं अलंकार म्हणून आलेलं नाही, हिशेब म्हणून आलंय. एका प्रतिज्ञेची परतफेड त्या चलनात होते. म्हणजे ज्यांनी हे रचलं त्यांच्या लेखी शब्दाचं वजन तेवढं होतं. शेवटी दोघे भाऊ गळ्यात पडून रडतात आणि अर्जुन परत रणांगणावर जातो. कृष्णाने त्यासाठी चालू युद्धातून वेळ काढला होता, हे विसरू नका. बाहेर माणसं मरत होती. तरी आधी हे मिटवलं.

कौरवांच्या रथावर असं मिटवणारं कोणी नव्हतं का? दुर्योधनाने मधे पडून दोघांना गप्प केलं, एवढंच. गप्प करणं आणि मिटवणं यातला फरक तुम्हाला घरातही माहीत असेल.

आता एक प्रश्न राहतो, आणि तो तुमच्यापैकी कोणीतरी विचारणारच. मग तक्रार करायचीच नाही का? टीममध्ये मुद्दाम ग्रेनेड टाकणारे असतात, आपल्या माणसाची गाडी पळवणारे असतात, पडलेल्याला उठवायच्या ऐवजी त्याचं सामान उचलणारे असतात. सगळं सोसायचं? मला तसं वाटत नाही. अशांना म्यूट करा, रिपोर्ट करा, टीम सोडा. संतांनी दुष्टांचा वाकडेपणा जावो अशी प्रार्थना केली, त्यांच्याबरोबर एसला चढा असं नाही सांगितलं. "फळाची आशा सोड, खेळ फक्त" असं कोणी सहज म्हणतं तेव्हा मला ते थोडं उडवून लावल्यासारखं वाटतं. हरल्याचं वाईट वाटतं. चार जणांनी मिळून केलेल्या कामाचं एकाने नुकसान केलं तर बोलावंच लागतं, खेळात, ऑफिसात, भावकीत. प्रश्न बोलायचं कसं हा आहे, आणि त्याचं एक उत्तर मी डोळ्यांनी पाहिलंय.

दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या लोकांबरोबर माउलींच्या पालखीत काही दिवस चाललो. शेगावच्या पालखीचं कौतुक आम्हाला लहानपणापासून. ती मेडशी, मालेगाव, शिरपूर, रिसोड करत जाते, आम्ही रस्त्याला उभे राहून पोहे वाटलेत. पण माउलींच्या सोहळ्यातली समाजआरती मी पहिल्यांदा बघितली. मुक्कामावर सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, हजारो टाळ एकदम वाजत असतात, कानाला दुसरं काही ऐकू येत नाही. मग चोपदार दंड उंचावतो. आणि सगळं थांबतं. एका क्षणात. ज्या दिंडीची काही तक्रार आहे तेवढीच टाळ वाजवत राहते. सगळ्या शांततेत तो एकच आवाज. चोपदार त्यांच्याकडे चालत जातो, ऐकून घेतो, मार्ग काढतो, टाळ थांबतात. हरवलं-सापडलंही तिथंच पुकारतात. मग आरती. ही शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी सोहळ्याला लावून दिली असं सांगतात.

त्या दिवशी मी याचा व्हिडिओ काढला आणि स्टेटसला टाकला. अर्थ काही कळला नव्हता. आता वाटतं, त्यात सगळं आहे. तक्रार दाबत नाहीत. उलट तिच्यासाठी बाकी सगळे गप्प होतात. पण तक्रार शब्दांत ओरडायची नसते, टाळ वाजवून सांगायचं, आम्हाला बोलायचंय. मग कोणीतरी चालत आपल्यापर्यंत येतं. आणि ती ऐकून झाल्याशिवाय आरती सुरू होत नाही. माझ्या माइकवर याच्या उलट होतं. सगळ्यात मोठा आवाज तक्रारीचा, ऐकणारं कोणी नाही, आणि दुसरा सामना लगेच सुरू.

तर संक्रांत. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने रिसोड, दुसऱ्या दिवशी मामाकडे. मामीने तिळगूळ हातावर ठेवला आणि वर्षानुवर्षं सगळे म्हणतात ते वाक्य म्हटलं. मी तिळगूळ तोंडात टाकला आणि काही बोललो नाही. मामी पुढे म्हणाली, "काय झालं रे तुमचं? पोरगा फोनले हातच नाई लावत रातचा."

तो गोठ्याकडे होता. मी गेलो. मनात वाक्यं जुळवून ठेवली होती, कौशिकसुद्धा त्यात होता, देवाशपथ. एकही बाहेर आलं नाही. म्हटलं, "मी त्या दिवशी लय वंगाळ बोललो. चुकलं माझं."

तो वैरण टाकत राहिला. मग म्हणाला, "मी ऐकलं नव्हतं दादा. मी तं विहिरीवर होतो." थोड्या वेळाने म्हणाला, "बाबानं ऐकलं. त्यायच्या गुडघ्यामुळं ते पायरीवर बसून होते. फोन तिथंच वाजत होता."

हे मला माहीत नव्हतं.

मामा त्या दोन दिवसांत माझ्याशी नेहमीसारखेच बोलले. पुण्यात भाडं किती, पाऊस कसा, तूर कितीला गेली. मी काही काढलं नाही, त्यांनीही नाही. दुसऱ्या रात्री साडेबाराला लाईन आली तेव्हा मी उठून पोराबरोबर गेलो. त्याने पाईप उचलले, मी बॅटरी धरली. एकदा मी उजेड चुकीच्या बाजूला धरला आणि जोड नीट बसला नाही, दोघंही भिजलो. तो काही बोलला नाही. "इकडं, दादा," एवढंच. मी बॅटरी इकडं केली.

पुण्याला यायच्या आदल्या संध्याकाळी मी विचारलं, खेळशील का परत. त्याने विचार केला. "खेळीन. पन माइक बंद ठेवशीन तं."

काल रात्री खेळलो. माइक बंद. पहिल्यांदाच त्याच्या पावलांचे आवाज मला नीट ऐकू आले, तो कुठं थांबतो, कुठं वळतो. चौदावे आलो. पुढच्या सामन्यात मी गुडघ्यावर आलो तेव्हा तो धावत आला, उघड्यावर, आणि दहा सेकंद थांबला.

मामांना फोन करायचा आहे. ते नऊ वाजता झोपतात, म्हणून आज ऑफिसमधून निघाल्या निघाल्या करणार आहे. उद्याचं वाचन उद्या.